जुनं डिजिटल ऑफसेट घ्यावं का? सांगलीतून विचारतेय

खणभागातलं प्रेस
नमस्कार मंडळी. खणभागात आमचं छोटं प्रेस आहे, अण्णांनी ट्रेडलवर, म्हणजे पायाने चालवायच्या छपाई यंत्रावर, सुरू केलेलं. आज एक सिंगल कलर डॉमिनंट ऑफसेट मशीन, एक कटिंग मशीन, दोन कामगार आणि मी. बिलबुकं, लग्नपत्रिका, हळद-बेदाण्याची लेबलं, यावर घर चालतं.

गेल्या काही वर्षांत कामाची तऱ्हाच बदलली. हजार पत्रिका छापणारं घर आता दीडशे छापतं, बाकीच्यांना मोबाईलवर जाते. तासगावचे एक बेदाणेवाले एकाच लेबलाच्या पाच हजार प्रती घ्यायचे; आता त्यांना आठ प्रकार लागतात, प्रत्येकी तीनशे. तीनशेसाठी चार रंगांच्या चार प्लेटा करायच्या, कागद चार वेळा मशीनवर चढवायचा आणि रजिस्टर जुळेपर्यंत, म्हणजे रंगावर रंग नीट बसेपर्यंत, रद्दी काढायची, यात काही उरत नाही. म्हणून असलं काम मी कोल्हापूरला डिजिटलवर करून आणते. १३ बाय १९ इंचाचं शीट, एक बाजू चार रंग, कागदासकट १६ रुपये. एखादं नाव चुकलं की पार्टीला तोंड द्यायला मी असते आणि गठ्ठा येतो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी.

आता एका दलालाने वापरलेलं एचपी इंडिगो ५५०० हे डिजिटल छपाई मशीन दाखवलंय. १९ लाख सांगतो. पाच वर्षांच्या कर्जाला हप्ता साधारण ४२ हजार बसतो. अण्णा म्हणतात, घे, आपलं प्रेस जगेल. मला मात्र चार रात्री झोप नाही. ज्यांनी असं मशीन चालवलंय त्यांनी मोकळेपणाने सांगावं.

मिरजेचा मशिनमन
ताई, मी पुण्यात नऊ वर्षं इंडिगोवर होतो. आधी एक खुलासा, कारण दलाल मंडळी दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाने विकतात. ‘डीआय’ म्हणतात ते खरं ऑफसेटच, फक्त प्लेट मशीनवरच लेसरने तयार होते. हायडेलबर्गचं क्विकमास्टर डीआय १९९५ साली आलं, ते त्यातलं. त्यात प्रत्येक कामाला प्लेट जातेच. इंडिगोत प्लेट नाही. १९९३ साली बेनी लांडा यांनी ते बाजारात आणलं, पुढे एचपीने कंपनी घेतली. शाई पातळ, तेलात मिसळलेली आणि विजेच्या भाराने ओढली जाणारी. ती आधी गरम ब्लँकेटवर (रबरी आवरणावर) येते आणि तिथून पूर्णच्या पूर्ण कागदावर उतरते. म्हणून प्रत्येक शीटवर वेगळं नाव छापता येतं आणि छपाई ऑफसेटसारखी दिसते.

आता मुद्द्याचं. याचा मीटर शीट मोजत नाही, रंग मोजतो. चार रंग एका बाजूला म्हणजे चार इंप्रेशन, दोन्ही बाजू म्हणजे आठ. दलाल ‘इतकेच लाख झालेत’ म्हणेल, तेव्हा कशाचे लाख ते विचारा. कंपनी हे मशीन सेवा करारात घेईल का, हे कंपनीकडूनच लेखी आणा. शाई आणि सुटे भाग त्याच वाटेने येतात. करार नसेल तर ते मशीन फुकटही महाग.

बघायला जाल तेव्हा दलालाची फाईल छापू देऊ नका, तिच्यात फुलं आणि मॉडेलचा चेहरा असतो, त्यात सगळं लपतं. पूर्ण शीटभर ३० टक्के राखाडी सपाट टिंट, म्हणजे एकसारखा फिकट रंग, छापा. शीट उजेडाला तिरकं धरा. दोष असला तर पट्टे दिसतील, आधीच्या कामाची पुसट सावली दिसेल, एकाच जागी येणारा ओरखडा दिसेल. मग पाचशे शीट सलग काढायला लावा आणि पहिलं नि शेवटचं शेजारी ठेवा. तुमचाच लेबलचा कागद न्या. छापल्यावर त्यावर सेलोटेप दाबून ओढा. शाई टेपवर आली तर तो कागद प्रायमरशिवाय (शाई धरून ठेवणाऱ्या लेपाशिवाय) चालणार नाही.

साताऱ्याचा प्रेसवाला
मी सदर बझारात सहा वर्षांपूर्वी वापरलेलं डिजिटल मशीन घेतलं, वेगळ्या बनावटीचं. ऐन लग्नसराईत एक बोर्ड गेला. विकणाऱ्याने फोन उचलणं बंद केलं, १९ दिवस मशीन झाकून ठेवलं. त्या १९ दिवसांत गेलेली गिऱ्हाइकं अजून परत आलेली नाहीत.

ताई, वहीत मांडून बघा. हप्ता ४२ हजार. चांगला ऑपरेटर २२ हजार. वीज आणि एसी मिळून १४ हजार धरा, कारण खोली बारा महिने थंड आणि कोरडी लागते. पावसाळ्यात कागद ओल धरतो. झाले ७८ हजार. महिन्याचे २५ दिवस, म्हणजे रोज ३,१२० रुपये, एकही शीट न छापता. तुमचा क्लिक (मीटरवरच्या इंप्रेशनचा आकार) आणि कागद मिळून शीटला ९ रुपये गेले तर कोल्हापूरच्या १६ पुढे ७ सुटतात. ३,१२० भागिले ७, म्हणजे रोज साधारण साडेचारशे शीट. तुम्ही कोल्हापूरला रोज किती पाठवता?

खणभागातलं प्रेस
दोघांचे मनापासून आभार. काल रात्री वर्षभराची चलनं काढून बसले. सरासरी रोज १७० शीट. एप्रिल-मेमध्ये चारशेपर्यंत, श्रावणात साठसुद्धा नाहीत.

एक गोष्ट मी आधी लिहिली नव्हती. हे वजन वरच्या मजल्याचा स्लॅब पेलणार नाही, मशीन तळमजल्यावरच बसेल. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, धोक्याची पातळी ४५ ची. डॉमिनंट पाच दिवस पाण्याखाली होतं. अण्णांनी बेअरिंग एकेक काढून रॉकेलमध्ये धुतली, खिळ्याच्या टोकाने गिअरच्या दातांतला गाळ उकरला, दिवाळीला मशीन चालू केलं. इंडिगोचे बोर्ड असे धुऊन वाळवता येत नाहीत. हे मी अण्णांना दाखवलं, तेव्हा ते बराच वेळ डॉमिनंटच्या सिलिंडरवर हात ठेवून उभे राहिले आणि ‘नको मग’ म्हणाले.

दलालाला आज ‘नाही’ म्हणून कळवलं. आमच्या गल्लीतली आणखी दोन प्रेसं कोल्हापूरलाच काम पाठवतात. तिघांचं मिळून रोज किती शीट होतात ते या महिन्यात लिहून काढतोय. साडेचारशेच्या वर गेलं तर विश्रामबागेत, जिथे पाणी आलं नव्हतं, तिथे भागीत गाळा बघू. मिरजेच्या दादा, तशी वेळ आली तर मशीन बघायला तुम्ही सोबत याल का? जाण्या-येण्याचा खर्च आणि दिवसाची मजुरी मी देईन.

मिरजेचा मशिनमन
येतो ताई. मजुरी राहू द्या. टिंटची फाईल मी करून आणतो, सेलोटेप तुम्ही आणा. आणि महावितरणकडून थ्री फेजचा लोड वाढवायचा अर्ज गाळा ठरल्याबरोबर टाका.