नववी संपली, सुट्टीत वाचायला काय घेऊ? बजेट ६०० (सातारा)

नववी_संपली
नमस्कार. दहावीचे जादा तास सुरू व्हायला पाच आठवडे आहेत. सेमी इंग्रजी. हातात ६०० रुपये आहेत, त्यात एक किंवा दोन पुस्तकं बसवायची आहेत.

काय वाचून झालंय ते आधी सांगते, म्हणजे तीच नावं परत येणार नाहीत. फास्टर फेणे बहुतेक सगळे, हॅरी पॉटर मराठीतून सातही भाग, गुप्तहेर फेलूदाची तीन.

मला मुख्य पात्र माझ्याच वयाच्या आसपासचं लागतं आणि ते चुकलं तर लेखकाने त्याला चुकू द्यावं. शेवटच्या दोन पानांत कुणीतरी मोठं माणूस येऊन तात्पर्य सांगतं, तिथे माझं मन उडतं. प्रेम असलं तरी चालेल, पण दोनशे पानं 'तो माझ्याकडे बघतो का' एवढंच नको. 'हंगर गेम्स' इंग्रजीतून चाळीस पानांवर सोडलं. गोष्ट चांगली आहे, पण सगळं वर्तमानकाळात लिहिलंय, माझा वेग बसेना.

व्हिडिओंमध्ये सगळ्यात आवडती 'क्रॅश कोर्स' या यूट्यूब वाहिनीची जागतिक पुराणकथांची मालिका. ग्रीक देवांचे भाग तीनदा पाहिलेत. निवेदक एकाच कथेची दोन-तीन रूपं सांगतो आणि कुठलं खरं ते ठरवून टाकत नाही, म्हणून आवडतो. एका मिनिटात कादंबरी सांगणारे व्हिडिओ मला अजिबात पटत नाहीत, ते शेवट फोडून मोकळे होतात.

मनात 'पर्सी जॅक्सन' या ग्रीक देवांवरच्या कादंबरीमालिकेचा पहिला भाग आहे, मूळ इंग्रजी. घेऊ का? की दुसरं काही?

कराडचा_कट्टा
घरचं सोडून ग्रीसला कशाला जायचं? लंपन घे, म्हणजे लंपन नावाच्या मुलाच्या कथा. लेखक प्रकाश नारायण संत. 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर', याच क्रमाने. आपल्या कराडच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवत होते ते. २००३ साली गेले आणि 'झुंबर' त्यांच्या मागे आलं. प्रत्येक पुस्तकात सुट्या कथा आहेत, पण मुलगा तोच आणि तो वाढत जातो, त्यामुळे एकावर थांबलीस तरी अर्धवट वाटत नाही. आजी-आजोबांकडे राहायला पाठवलेला मुलगा आहे, सुमी नावाची मैत्रीण आहे आणि तात्पर्य एकाही पानावर नाही. चारही घे, आयुष्यभर पुरतील.

सदरबझारवाली
चारही ६०० त कसे बसतील हो? पोरीने बजेट लिहिलंय.
आणि बाळा, दहावीचं वर्ष आहे. कादंबऱ्या मार्चनंतर.

घाटमाथा
विकत घ्यायचंच कशाला? भिलारला जा. पुस्तकांचं गाव आपल्याच जिल्ह्यात आहे, ४ मे २०१७ पासून. वेगवेगळ्या घरांत वेगवेगळ्या प्रकारची पुस्तकं ठेवलेली आहेत, बालसाहित्याचं घर वेगळं. बसून वाचायला पैसे नाहीत. साताऱ्याहून वाईमार्गे पाचगणीची एसटी, तिथून महाबळेश्वर रस्त्याने पुढे जाऊन भिलारचा फाटा. फक्त मे महिन्यात शनिवार-रविवार टाळा, पसरणी घाटात गाड्यांची रांग लागते आणि वाचायचा वेळ रस्त्यातच जातो. मंगळवार-बुधवार धरा. सकाळी लवकर निघालात तर दीडशे पानांचं पुस्तक एका बैठकीत होतं.

नववी_संपली
काका, भिलारला जायचंच आहे. पण पुस्तक घरी आणता येत नाही ना? मला एकच पुस्तक पाच आठवडे पुरवायचंय.

घाटमाथा
घरी नाही मिळत, तिथेच वाचायचं. पण यादी करायला त्यासारखी जागा नाही. वीस पुस्तकांची पहिली पाच-पाच पानं वाचून मग काय विकत घ्यायचं ते ठरव.

मिरजेची_मावशी
फेलूदा घे गं. सत्यजित राय, मराठी अशोक जैन, रोहन प्रकाशन. सांगणारा तोपशे तुझ्याच वयाचा. आमच्याकडे पूर्ण संच आहे, बाराही, अजून कोरा दिसतो.

सदरबझारवाली
तिने तीन वाचलेत असं वरच लिहिलंय.

मिरजेची_मावशी
मग उरलेले नऊ घे. फाफेपेक्षा, म्हणजे फास्टर फेणेपेक्षा, फेलूदाची रहस्यं घट्ट बांधलेली आहेत, धागे आधीच पेरलेले असतात.

कराडचा_कट्टा
हे मान्य नाही. फाफे रहस्यासाठी वाचायचाच नसतो. तो सायकल काढून सुटतो त्या वेगासाठी वाचायचा. फाफेचे लेखक भा. रा. भागवत, त्यांच्या वाक्यातली धाव भाषांतरात येत नाही. फेलूदा बंगालीत तसा धावत असेलही, आपल्याला कळायला मार्ग नाही.

मिरजेची_मावशी
अशोक जैनांचं भाषांतर जरा मोठ्याने वाचून बघा आणि मग बोला.

इंग्रजीच्या_बाई
मूळ प्रश्नाकडे येते. हॅरी पॉटर मराठीतून वाचलेल्या मुलीने इंग्रजी कादंबरीकडे कसं जायचं, हा खरा मुद्दा आहे. दुकानात पुस्तक हातात घे. सुरुवात, मध्य आणि शेवटाच्या थोडं आधी असं तीन ठिकाणी एकेक पान वाच. अडलेल्या शब्दाला एक बोट. एका पानावर पाच बोटं भरली तर ते पुस्तक सध्या जड आहे. दोन-तीन असतील तर घ्यायचं आणि वाचताना शब्दकोश लांब ठेवायचा. दर शब्दाला थांबलं की वाक्य हातातून सुटतं. शब्दाखाली पेन्सिलची बारीक रेघ मार, तोच शब्द तिसऱ्यांदा आला तरच अर्थ बघ.

'हंगर गेम्स'चं तू बरोबर ओळखलंस. अख्खी गोष्ट वर्तमानकाळात आहे आणि मराठीतून येणाऱ्या वाचकाला ते नकळत दमवतं. 'पर्सी'त प्रथमपुरुष आहे, पण भूतकाळ. वाक्यं आखूड आहेत. अडचण वेगळीच येईल. अमेरिकन शाळेतली बोली आणि टोमणे सारखे येतात, त्यातले निम्मे शब्दकोशात सापडत नाहीत. शिवाय पर्सी पहिल्या भागात १२ वर्षांचा आहे, पाचव्यात १६ चा होतो. तुझ्या वयाचं पात्र हवं तर पहिला भाग थोडा लहान वाटेल.

म्हणून माझं मत 'वंडर'. आर. जे. पॅलासिओ, २०१२. चेहरा वेगळा असलेला मुलगा पहिल्यांदा शाळेत जातो. सांगणारे बदलत राहतात, तो स्वतः, त्याची बहीण, मित्र, आणि एकच प्रसंग दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना आपलं मत बदलतं. प्रकरणं एक-दोन पानांची. अभ्यासाच्या मधे दहा मिनिटं मिळाली तरी एक प्रकरण पुरं होतं. इंग्रजीतली पहिली कादंबरी म्हणून याहून सोयीचं मला माहीत नाही.

नववी_संपली
बाई, त्यातला मुलगा पण १० वर्षांचाच आहे ना?

इंग्रजीच्या_बाई
हो. पण बहीण नववी-दहावीतली आहे. तिचा भाग तुझा.

जुनी_पुस्तकं
कुठलंही इंग्रजी घेतलं तरी फुटपाथवरचं शंभर-दीडशेचं घेऊ नका. जुनं आणि नकली यात फरक आहे. जुनं खुशाल घ्या, पानं पिवळी असली तरी मजकूर पुरा असतो. नकलीची ओळख: मुखपृष्ठावरची अक्षरं कडेला पुसट, आतली छपाई काही पानांवर काळी आणि काहींवर फिकी, ओळी किंचित तिरक्या. पाठीकडून वाकवलं की डिंक कडकड वाजतो आणि पानं सुटतात. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पृष्ठक्रमांक. पुस्तक फर्म्यांत बांधतात, १६-१६ पानांच्या. एक फर्मा गहाळ झाला की पान १९२ नंतर थेट २०९ येतं. रहस्यकथेत नेमकी तीच सोळा पानं लागतात. अंगठ्याने सरसर पानं सोडून क्रमांक बघायला दोन मिनिटं पुरतात.

दुसरं, जगप्रसिद्ध कादंबऱ्यांच्या ९६ पानी आवृत्त्या. आत बारीक अक्षरात 'संक्षिप्त' लिहिलेलं असतं. चारशे पानांची गोष्ट त्यात बसवलेली असते, म्हणजे घटना राहतात आणि माणसं जातात.

वायफायवाला
पुस्तकाचं तुम्ही बघा, मी व्हिडिओंचं सांगतो. शेवट फोडणारे छोटे व्हिडिओ समोर येण्याचं कारण म्हणजे तू जे पाहतेस आणि शोधतेस त्याचा इतिहास साठतो. यूट्यूब ॲपमध्ये खाली उजवीकडे स्वतःचं चिन्ह, मग वर दातेरी चाक, मग 'मॅनेज ऑल हिस्टरी'. तिथे जुना इतिहास पुसायचा आणि पुढची नोंद बंद करायची. ॲप उघडल्यावरचं पहिलं पान जवळपास रिकामं होतं. मग फक्त 'सबस्क्रिप्शन्स'मधूनच पाहायचं. नुसतं बंद केलं आणि पुसलं नाही तर जुन्या नोंदींवरून सुचवणं चालूच राहू शकतं, इथेच बहुतेकांचं चुकतं. व्हिडिओखालची यादी मात्र राहते, तिला इलाज नाही. प्लेअरच्या वरचं ऑटोप्लेचं बटणही बंद कर.

इंग्रजी भराभर वाटलं तर वेग ०.७५ आणि सबटायटल चालू. त्यापुढे 'ऑटो-जनरेटेड' लिहिलेलं असेल तर देवांच्या नावांवर विश्वास ठेवू नकोस, यंत्राला ती नावं ऐकू येत नाहीत.

'पर्सी' घेणार असशील तर २०१० चा सिनेमा आधी बघू नकोस. त्यात पोरं मोठी केलीत आणि गोष्टही बरीच फिरवली आहे.

सदरबझारवाली
एवढं सगळं करण्यापेक्षा मोबाईल कपाटात ठेवावा.

वायफायवाला
ताई, ती एकच मालिका तीनदा बघते आणि त्यातून पुस्तकाकडे जाते आहे. मोबाईल काढून घेतला तर पुस्तकही जाईल.

पेठेतला_वाचक
कुणी नारळीकर म्हटलंच नाही, आश्चर्य आहे. 'वामन परत न आला' घ्या. खोल खोदकामात एक पेटी सापडते आणि तिच्यातल्या माहितीवरून यंत्रमानव उभा राहतो. मराठीत विज्ञान असं गोष्टीत मुरलेलं फार कमी आहे. ६०० त सहज बसून पैसे उरतील. उरलेल्या पैशांत नगर वाचनालयाची वर्गणी भरा. भरताना दोन गोष्टी विचारा: अनामत किती आणि परत कधी मिळते, आणि सुट्टीत एका वेळी किती पुस्तकं देतात.

आणि फुकट हवं असेल तर 'किशोर'. बालभारती १९७१ पासून काढते आणि जुने अंक इंटरनेटवर मोफत आहेत. फाइली जड असतात, वायफायवर उतरवून घ्या. मजकूर दोन रकान्यांत आहे, मोबाईल आडवा धरला की वाचता येतो.

मिरजेची_मावशी
किशोर मी सांगणारच होते.

कराडचा_कट्टा
लंपन वाचनालयात नक्की मिळेल. 'वनवास'ची पहिली दहा पानं मोठ्याने वाच. बेळगावकडची बोली आहे, मधे कानडी शब्द येतात, डोळ्यांना अडतात पण कानाला अडत नाहीत. २०२४ मध्ये वेबमालिकाही आली, पण ती नंतर.

नववी_संपली
सगळ्यांचे आभार. आज राजवाड्याजवळच्या दुकानात जाऊन आले. बाईंनी सांगितलेली बोटं मोजली. 'वंडर'मध्ये २, १, २. 'पर्सी'त ६, ४, ७. म्हणजे नियमाने 'वंडर' घ्यायला हवं होतं.

मी 'पर्सी' घेतलं. त्या ६ आणि ७ मध्ये कुठले शब्द होते ते परत पाहिलं, तर निम्मी नावं होती. राक्षसांची, देवांची, जागांची. ती मला व्हिडिओंमुळे आधीच माहीत आहेत, फक्त इंग्रजी स्पेलिंग ओळखलं नव्हतं. नावं वगळून ३, २, ३ उरतात. पहिलं प्रकरण दुकानातच उभ्याने वाचलं, पहिल्याच पानावर तो वाचणाऱ्याला सांगतो की हे पुस्तक बंद कर.

'वनवास' वाचनालयातून आणणार आहे. २२ प्रकरणं आणि पाच आठवडे, म्हणजे आठवड्याला चार-पाच.

इंग्रजीच्या_बाई
नावं वगळून मोजायचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. यापुढे वर्गात तसंच सांगेन. मागच्या कोऱ्या पानावर त्या नावांची स्पेलिंगसकट यादी कर, समोर देवनागरीत उच्चार.

जुनी_पुस्तकं
पृष्ठक्रमांक तपासलेस का? पावती आहे तोवर बदलून मिळतं, आजच बघ.

नववी_संपली
तपासले. सगळे आहेत.