स्वतः सिगारेट ओढणाऱ्या परिचारकाने रुग्णाला ‘सोडा’ म्हणावे काय?

वाशीकर (धागाकर्ता):
गेल्या महिन्यात नवी मुंबईतल्या एका खासगी रुग्णालयात वडिलांची अँजिओप्लास्टी झाली. टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या कारखान्यातून निवृत्त झालेला हा माणूस चाळीस वर्षे दिवसाला एक पाकीट ओढत आला आहे आणि घरात कुणाचे ऐकत नाही. डिस्चार्जच्या आदल्या दिवशी वॉर्डातल्या ब्रदरने खाटेशेजारी स्टूल ओढून घेतले, दहा मिनिटे शांतपणे समजावले, आणि वडील चक्क मान डोलावत राहिले. दुसऱ्या दिवशी आम्ही रिक्षात बसलो, तर तोच ब्रदर निळ्या गणवेशावर जॅकेट चढवून फाटकासमोरच्या टपरीवर सिगारेट ओढताना दिसला. वडील एवढेच म्हणाले, “त्याचं सुटत नाही, माझं काय सुटणार?” घरी पोहोचण्याआधी त्यांनी रिक्षा एकदा थांबवायला लावली. कशासाठी, ते सांगायला नको.

माझे मत असे आहे की, निदान हृदयविकार आणि छातीच्या विकारांच्या वॉर्डात तरी हे समुपदेशन व्यसन नसलेल्या कर्मचाऱ्याकडेच सोपवावे.

कळव्याची सिस्टर:
मी एकोणीस वर्षे वॉर्डात काम करते आहे आणि मला आपले मत मुळीच मान्य नाही. आपल्या वडिलांना दहा मिनिटे मिळाली, याचेच मला नवल वाटते. तीस खाटा, रात्रपाळीला दोघी जणी, त्यात एखादा रुग्ण अत्यवस्थ झाला तर हँडओव्हर होईपर्यंत पाणी प्यायलाही सवड होत नाही. अशा स्थितीत ज्याने स्वतःहून स्टूल ओढले, त्यालाच आपण बाजूला करायला निघालात.

शिवाय सिगारेट या एका शब्दाशी अडून राहिलो, तर महाराष्ट्रात निम्मेसुद्धा चित्र दिसत नाही. 2016-17 च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात राज्यातल्या प्रौढांपैकी धूम्रपान करणारे 3.8 टक्के होते, आणि धूरविरहित तंबाखू वापरणारे 24.4 टक्के. आमच्या मावशींच्या पिशवीत मिश्रीची डबी असते, एका ब्रदरच्या खिशात चुन्याची नळी असते, आणि त्यांना टपरीवर उभे राहावे लागत नाही म्हणून ते आपल्या नजरेत येत नाहीत. आपला नियम लावायचा तर कुणाची तोंडे उघडून पाहणार?

घणसोलीकर:
धागाकर्त्याशी सहमत. हेल्मेट न घालणाऱ्या हवालदाराने मला पावती फाडू नये.

कळव्याची सिस्टर:
पण फाडली तर भरावी लागतेच ना?

नौपाड्यातील निवृत्त फिजिशियन:
दोन्ही बाजू मूळ मुद्द्याला बगल देत आहेत, असे मला वाटते. धूम्रपान करणारा परिचारक ढोंगी ठरतो, हे दुय्यम आहे. खरी हानी अशी की तो अनेकदा रुग्णाला विचारतच नाही. धूम्रपान करणारे आरोग्य कर्मचारी रुग्णाच्या व्यसनाची चौकशी कमी करतात, हे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे, आणि परिचारिकेच्या सल्ल्याने व्यसन सोडणाऱ्यांचे प्रमाण थोडेसे पण निश्चित वाढते, हेही सिद्ध झालेले आहे. म्हणजे न विचारलेला प्रत्येक रुग्ण ही हातची गेलेली संधी असते.

म्हणून सिस्टर, कर्मचाऱ्यांचे व्यसन ही खासगी बाब आहे असा आपल्या प्रतिसादाचा सूर असेल, तर तो मला पटत नाही. अमेरिकेत 1976 साली परिचारिकांच्या आरोग्याचा मोठा अभ्यास सुरू झाला, तेव्हा त्यात सहभागी झालेल्यांपैकी 33.2 टक्के धूम्रपान करत होत्या. 2003 पर्यंत हे प्रमाण 8.4 टक्क्यांवर आले. तिथल्या परिचारिकांनी 2003 साली आपल्याच सहकाऱ्यांना सोडायला मदत करण्यासाठी स्वतंत्र चळवळ उभी केली. आपल्याकडे मात्र कर्मचाऱ्याने ओढली की मेमो, आणि नाही पकडला गेला तर सगळे आलबेल.

ऐरोलीचा ब्रदर:
मी अकरा वर्षे ओढली, दोनदा सोडून पुन्हा धरली, आणि तिसऱ्यांदा सुटून आता चार वर्षे झाली. ओढत होतो तेव्हाही रुग्णांना सांगत असे, फक्त सुरुवात अशी करत असे: “काका, मीही ओढतो, मलाही जड जातंय.” त्यावर कुणी हसले नाही; उलट पहिले तीन दिवस कसे जातात, हे लोक मलाच विचारत. वडिलांच्या त्या ब्रदरचे चुकले ते ओढण्यात नव्हे, लपवण्यात.

खाटेशेजारी नेमके काय सांगावे, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. सिगारेट सोडण्यासाठी दिले जाणारे निकोटिनचे गम साध्या च्युइंगमसारखे चघळले की उचकी लागते, छातीत जळजळते, आणि माणूस “हे आपल्याला सोसत नाही” म्हणून फेकून देतो. ते सावकाश चावायचे, जिभेला चुणचुण लागली की गाल आणि हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेवायचे, चुणचुण ओसरली की पुन्हा चावायचे. हृदयाचा रुग्ण असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचे. मला हे शिकवणारी इन्चार्ज सिस्टर स्वतः मिश्री लावत असे. तिच्याकडून मी शिकायला नको होते काय?

वाशीकर:
ब्रदर, आपला प्रतिसाद मी वडिलांना वाचून दाखवला. माझे मत पूर्ण बदललेले नाही; त्या दिवशी टपरीवर तो दिसला नसता तर वडिलांनी रिक्षा थांबवली नसती, असे मला अजूनही वाटते. मात्र व्यसनी कर्मचाऱ्याला या कामातून वगळावे, ही मागणी मी मागे घेतो. गणवेशात, रुग्णांच्या डोळ्यांसमोर ओढू नये, एवढे तरी मान्य व्हावे.

कळव्याची सिस्टर:
तेवढे मान्य. आणि त्या रुग्णालयाचे नर्सिंग कॉलेज त्याच आवारात असेल, तर फाटकासमोरची टपरीच मुळात बेकायदा ठरते, कारण 2003 च्या कायद्याप्रमाणे शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूची विक्री चालत नाही. तक्रार करायचीच असेल तर तिथून सुरुवात करावी. वडिलांसाठी 1800-11-2356 हा तंबाखू सोडायला मदत करणारा दूरध्वनी क्रमांक डिस्चार्ज कार्डाच्या मागे लिहून ठेवा. तो सिगारेटच्या पाकिटावरही छापलेला असतो, पण पाकीट हातात असताना तो कुणी वाचत नाही.

वाशीकर:
लिहिला. त्यांनी चष्मा मागून घेतला आणि विचारले, “रात्री उचलतात का?”