‘जीवरक्षक परिधान करावेत’ : लाइफ जॅकेटला मराठीत काय म्हणायचं?

काना_मात्रा

परवा एका जेटीवर नवीकोरी पाटी वाचली : ‘सर्व प्रवाशांनी जीवरक्षक परिधान करावेत.’ आता जीवरक्षक म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर गोव्याच्या किनाऱ्यावर गळ्यात शिट्टी अडकवून उभा असलेला धट्टाकट्टा मुलगा येतो. त्याला परिधान कसं करायचं?

पाटी रंगवणाऱ्याला जागा पुरली नाही म्हणून ‘जाकीट’ गळलं असेल. पण घोळ तेवढ्यावर मिटत नाही. समुद्रात उडी घेणारा माणूस जीवरक्षक, लाइफबोट म्हणजे जीवरक्षक नौका, औषधं मात्र जीवनरक्षक. सगळ्यांच्या गळ्यात एकच बिल्ला. 18 डिसेंबर 2024 ला गेटवेहून घारापुरीकडे निघालेली ‘नीलकमल’ नौदलाच्या स्पीडबोटीच्या धडकेने बुडाली. त्यानंतर तिथल्या फेऱ्यांवर जाकीट सक्तीचं झालं आणि बातम्यांत हा शब्द रोज दिसू लागला. कुठे ‘जीवरक्षक जॅकेट’, कुठे ‘जीवनरक्षक जाकीट’, कुठे ‘सुरक्षा जॅकेट’. यातला बरोबर कुठला? की याहून जुना, आपला असा एखादा शब्द आहे?

रेवसकर

आमच्या लाँचवर शब्द ठरून गेलाय, समितीची वाट कोणी बघितली नाही. खलाशी ओरडतो, ‘जाकीटं घाला, जाकीटं!’ एवढंच.

आणि गंमत बघा, शब्द अगदी चपखल आहे. मराठीत ‘जॅकेट’ म्हणजे बाह्यांचं, चेनवालं, थंडीचं. ‘जाकीट’ म्हणजे बिनबाह्यांचं, आजोबा सदऱ्यावर घालायचे ते. पाण्यात घालायचं तेही बिनबाह्यांचंच. तेव्हा ‘लाइफ जॅकेट’पेक्षा ‘जाकीट’ अधिक अचूक.

शब्दापेक्षा मला काळजी आहे ती घालण्याच्या रीतीची. लोक नुसतं खांद्यावर टाकतात, पट्टे लोंबत ठेवतात. कडी तुटली असेल तर सुतळीची गाठ मारलेली असते. पाण्यात पडल्यावर असं जाकीट कानापर्यंत वर सरकतं आणि माणूस खालून निसटतो. लहान मुलाला मोठ्याचं जाकीट दिलं तर हे हमखास होतं. घातल्यावर कोणाला तरी दोन्ही खांद्यांशी धरून वर ओढायला सांगा. हनुवटीच्या वर आलं तर ते तुमच्या मापाचं नाही, किंवा पट्टे ढिले आहेत.

बारवकाठ

जुना शब्द विचारलात ना? ‘सांगड’.

आम्ही विहिरीत पोहायला शिकलो ते पाठीला वाळका भोपळा बांधून. भोपळा नसेल तर पांगाऱ्याचं हलकं लाकूड, तेही नसेल तर झाकण घट्ट बसवलेला पत्र्याचा डबा. दोन भोपळे किंवा दोन ओंडके एकत्र बांधून तरायचं साधन केलं की ती सांगड. नदीला पूल नव्हते तेव्हा माणसं सांगडीवरून पैलतीराला जायची. संतांच्या वाणीत भवसागर तरायलाही सांगडच येते.

आज आपण ‘अभ्यास आणि खेळ यांची सांगड घाला’ म्हणतो, तेव्हा ते दोन भोपळे कोणाला आठवत नाहीत. वस्तू बुडाली, वाक्प्रचार तरंगत राहिला. लाइफ जॅकेटला ‘अंगसांगड’ म्हणावं असा माझा प्रस्ताव. हसा खुशाल.

काना_मात्रा

हसलो नाही, दोनदा वाचलं. पण सांगड माणूस धरतो, तिच्यावर आडवा पडतो किंवा ती पाठीला बांधतो. पाठीला भोपळा बांधलेला माणूस शुद्ध हरपली तर तोंडावर पालथा होईल ना? जाकिटाचं वेगळेपण तिथेच असावं.

सावरी

काना_मात्रा, तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलंत. जाकिटाचा सगळा इतिहास म्हणजे ‘तरंगणं’ आणि ‘तोंड वर राहणं’ या दोन गोष्टींमधलं अंतर कापत जाणं आहे. जरा लांबण लावते.

पहिलं चांगलं जाकीट बुचाचं. ब्रिटनच्या लाइफबोट संस्थेचे निरीक्षक कॅप्टन जॉन रॉस वॉर्ड यांनी 1854 मध्ये कॅनव्हासवर बुचाचे ठोकळे शिवून ते तयार केलं. वल्हवताना हात मोकळे राहावेत म्हणून एकसंध पत्र्यासारखं न करता ठोकळे सुटे ठेवले. खलाशांना ते जड आणि अवजड वाटायचं. मग 9 फेब्रुवारी 1861 चं इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या व्हिटबीचं वादळ आलं. तिथल्या लाइफबोटीने त्या दिवशी फेरीमागून फेरी करून कित्येक जहाजांवरची माणसं आणली आणि शेवटच्या फेरीत ती स्वतःच उलटली. 13 जणांपैकी 12 गेले. वाचला तो हेन्री फ्रीमन, आणि नवं बुचाचं जाकीट घातलेला तो एकटाच होता. त्यानंतर कोणाला समजवावं लागलं नसेल.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून बुचाची जागा हळूहळू कपोक घेऊ लागला. कपोक म्हणजे दुसरंतिसरं काही नाही, सावरीचा कापूस! माझं इथलं नाव त्यावरूनच. आपल्याकडे लाल फुलांची काटेसावर, तिकडची ती पांढरी सावर. जात वेगळी, पण कापसाची तऱ्हा तीच. आजीच्या घरी सावरीची उशी होती. एकदा ती हौदात पडली. साधी उशी पाणी पिऊन तळाला गेली असती, ही आरामात फिरत राहिली. या कापसाचा तंतू आतून पोकळ असतो आणि वरून मेणचट, त्यामुळे पाणी आत शिरत नाही. पण दाबून दाबून तो बसला, किंवा तेल लागलं, की आतली हवा जाते आणि गुण संपतो. (‘सावरणे’शी सावरीचा काही संबंध नाही, ही कोटी मी स्वतःच करून मोकळी होते.)

आता टायटॅनिक. 1912 मध्ये त्या जहाजावर बुचाची जाकिटं माणसांपेक्षा जास्त होती, साडेतीन हजारांच्या आसपास. कमी होत्या त्या बोटी. जाकीट घातलेली शेकडो माणसं बुडून नाही, गारठून गेली. म्हणून ‘जीवरक्षक’ हे विशेषण मला जरा जास्तच आश्वासन देणारं वाटतं. जाकीट तुम्हाला वर धरतं, ऊब देत नाही.

तोंड वर राहण्याचा प्रश्न नीट सुटला तो दुसऱ्या महायुद्धात. समुद्रात पडणारे वैमानिक बरेचदा बेशुद्ध असायचे. त्यांच्याकडे फुगवायचं जाकीट होतं, छातीवर टम्म फुगायचं म्हणून सैनिकांनी त्याला मे वेस्ट या नटीचं नाव दिलं होतं. पण शुद्ध नसलेल्या माणसाला कुठलं जाकीट उताणं ठेवतं, हे तपासायचं कसं? जागा माणूस नकळत हातपाय मारतोच. एडगर पास्क या भूलतज्ज्ञ डॉक्टरने स्वतःला भूल देववून घेतली आणि त्या अवस्थेत स्वतःला पोहण्याच्या तलावात सोडायला लावलं. एकदा नव्हे, पुन्हापुन्हा. श्वासनलिकेत नळी, अंगात वेगवेगळी जाकिटं, काठावर सहकारी. आजच्या जाकिटाला मानेमागे जी जाड कॉलर असते आणि पुढे जास्त फोम असतो, तो याच विचाराचा.

बारवकाठ

सावरीताई, अंगसांगड मागे घेतो. आमचा भोपळा या परीक्षेत नापास.

दर्यावर्दी_७२

एक तांत्रिक पुस्ती. बाजारात ‘लाइफ जॅकेट’ म्हणून विकतात त्यातली बरीचशी नुसती तरंगायला मदत करणारी असतात, कयाकवाले घालतात तशी. त्यांच्यावर 50 न्यूटन लिहिलेलं असतं. ती पोहता येणाऱ्या, शुद्धीवर असलेल्या माणसासाठी. बेशुद्ध माणसाला उताणं करण्याची हमी ती देत नाहीत. खरं जाकीट 100 न्यूटनपासून पुढे, खुल्या समुद्रासाठी 150 किंवा 275. 50 न्यूटन म्हणजे साधारण 5 किलोचा उचल. 70 किलोच्या माणसाला तेवढा पुरतो कसा, तर पाण्यात शरीराचं वजन जवळजवळ नाहीसंच होतं, उचलून धरायचं असतं ते फक्त डोकं.

मराठीत या दोन वस्तूंना दोन शब्द हवेत, नाहीतर दुकानदार एकाच नावाखाली दोन्ही खपवतो. पहिलीला ‘तरंगबंडी’, दुसरीला ‘जाकीट’. कसं वाटतं?

काना_मात्रा

‘तरंगबंडी’ मला आवडला. बंडी तशीही आपली घरगुती. लाइफबॉयचं काय करायचं, ते गोल कडं? मराठीत तो शब्द उच्चारला की लोक साबण शोधतात.

रेवसकर

त्याला आम्ही ‘रिंग’ म्हणतो. ‘रिंग टाक!’ माणूस पाण्यात असताना यापेक्षा लांब शब्द परवडत नाही.

काना_मात्रा

मान्य. मग जेटीवाल्यांना मी पाटीचा मजकूर असा सुचवतोय : ‘जाकीट घाला. पट्टे आवळा.’ ‘परिधान’ नको, ‘जीवरक्षक’ही नको. तेवढ्याच जागेत अक्षरं दुप्पट मोठी होतील.

रेवसकर

जागा उरली तर खाली आणखी एक ओळ घाला दादा : ‘बसायला घेऊ नका.’ आमच्याकडची निम्मी जाकिटं लोकांनी बसून बसून चपटी केलीत.