मदत हवी आहे: दोन फोन, एक डेस्कटॉप आणि केळीच्या पावत्या

राम राम मंडळी,

यावल तालुक्यात आमची केळी आहे. मृगबाग (पावसाळ्याच्या तोंडी लावलेली) जास्त, थोडी पिलबाग (जुन्या झाडाच्या पिलांवर धरलेली). शेत दीर बघतात, हिशेब माझ्याकडे. कापणी झाली की गाडी काट्यावर जाते आणि तोलपावतीचा फोटो दिरांच्या किंवा सालदाराच्या (वर्षाच्या बोलीवरच्या गड्याच्या) फोनमध्ये असतो. दोन्ही फोनमध्ये एक्सेलची एक वहीही आहे: तारीख, व्यापारी, क्विंटल, त्या दिवशीचा भाव, कापणीची मजुरी. तीच वही मी घरच्या डेस्कटॉपवर उघडते आणि व्यापाऱ्याकडून आलेली रक्कम त्यात टाकते.

आता अडचण. केबल लावली की फोन नुसता चार्ज होतो. दुसरी केबल लावली तर संगणकात दिसतो, पण फोटोंचं फोल्डर उघडेपर्यंत चहा होतो. व्हॉट्सअ‍ॅपवर मागवले तर पावतीवरचा पुसट आकडा सात आहे की एक, कळत नाही, आणि भांडण तिथेच होतं. मग भाच्याने सिंकथिंग टाकून दिलं, म्हणजे फोन आणि संगणकातलं फोल्डर आपोआप सारखं ठेवणारं अ‍ॅप. छान चाललं होतं. पण फोनची जागा भरली म्हणून दिरांनी मागच्या आठवड्यात जुने फोटो पुसले, तर माझ्या संगणकावरूनही गेले! वहीच्याही दोन दोन प्रती दिसतात, एकीच्या नावात ‘सिंक-कॉन्फ्लिक्ट’ असं काहीतरी. खरी कोणती धरायची?

शेतात रेंज धड नाही, त्यामुळे सगळं इंटरनेटवरून करणं जमणार नाही. घरी वायफाय आहे, राउटर इन्व्हर्टरवर. विंडोज १०, दोन्ही फोन अँड्रॉइड. दरमहा पैसे भरून क्लाउड घ्यायची तयारी नाही. दिरांना फार बटणं दाबायला लागू नयेत, हीही अट आहेच.

— तापीकाठ

---

ताई, सगळ्यात आधी फोनच्या गॅलरीत ‘ट्रॅश’ किंवा ‘बिन’ उघडा. बऱ्याच फोनांत पुसलेले फोटो ३० दिवस तिथे राहतात. परत आणले की सिंकथिंग ते संगणकावरही पोचवेल. आजच बघा, बाकीचं नंतर.

केबलचं म्हणाल तर स्वस्त केबलींत बऱ्याचदा फक्त विजेच्या तारा असतात, डेटाच्या नसतातच. चांगली केबल लावूनही नुसतं चार्जिंग दिसलं तर फोनवर वरची पट्टी खाली ओढून ‘फाइल ट्रान्सफर’ निवडा. तरी फोन पेनड्राइव्हसारखा उघडणार नाही. पूर्वी फोन आपली मेमरी पूर्णपणे संगणकाच्या ताब्यात द्यायचा आणि तेवढा वेळ स्वतः ती वापरू शकत नसे. आता एमटीपी नावाची पद्धत असते: मेमरी फोनच्याच ताब्यात, संगणकाने मागितलं की तो एकेक फाइल काढून देतो. एकाच फोल्डरात हजारो फोटो असले की यादी यायलाच वेळ लागतो. तुमचा संगणक खराब नाही.

— वायरमन_भुसावळ

---

वहीवरून जुनी गोष्ट आठवली. माझ्याकडे पाम होता, पत्ते आणि नोंदी ठेवायचा खिशातला छोटा संगणक. १९९६ साली त्याचं पहिलं मॉडेल ‘पायलट’ आलं ते हॉटसिंक, म्हणजे संगणकाशी मेळ घालायची सोय, घेऊनच. संगणकाला जोडलेल्या पाळण्यात (स्टँडमध्ये) ठेवायचा, एक बटण दाबायचं, काम झालं. तिथे मेळ नोंदीनोंदीने लागायचा. एकच पत्ता दोन्हीकडे बदलला असेल तर दोन्ही नोंदी ठेवून द्यायचा, कोणती ठेवायची ते आपण बघायचं. शिवाय ‘पामवरचं संगणकावर चढव’ किंवा ‘संगणकावरचं पामवर चढव’ असं सरळ सांगता यायचं. आताच्या सोयींत हा प्रश्न कुणी विचारतच नाही.

— निवृत्त_जळगावकर

---

काकांनी नेमकं बोट ठेवलं. सिंकथिंगला नोंदी कळत नाहीत, अख्खी फाइल कळते. दिरांनी शेतात ओळ टाकली आणि त्याच वेळी तुम्ही घरी रक्कम टाकली, तर दोन वेगवेगळ्या वह्या तयार झाल्या. त्यातली शेवटी बदललेली मूळ नावाने राहते आणि आधीची ‘सिंक-कॉन्फ्लिक्ट’ होते. म्हणजे खरी-खोटी असं काही नाही, दोन्हींत कामाच्या ओळी असणार. आत्ता दोन्ही शेजारी उघडून हाताने जुळवा, दुसरा उपाय नाही.

पुढे एका वहीत एकच हात. दिरांची वेगळी, सालदाराची वेगळी, तुमची वेगळी. एक्सेल २०१६ किंवा नंतरचं असेल तर डेटा टॅबमध्ये ‘फ्रॉम फोल्डर’ आहे, त्याने दोघांच्या वह्या तुमच्या वहीत एकत्र ओढता येतात. रकाने मात्र दोघांचे सारखेच हवेत.

फोटोंसाठी फोनवर ते फोल्डर ‘सेंड ओन्ली’ करा, संगणकावर ‘रिसीव्ह ओन्ली’. पण एवढ्यावर निर्धास्त होऊ नका भो, फोनवर पुसलेलं तरीही संगणकावर पुसलं जातं! त्यासाठी संगणकावरच्या त्या फोल्डरला फाइल व्हर्जनिंगमध्ये ‘ट्रॅश कॅन’ लावा आणि किती दिवसांनी साफ करायचं तिथे शून्य टाका. शून्य म्हणजे कधीच नाही. फोनवरून पुसलेला फोटो मग ‘एसटीव्हर्जन्स’ नावाच्या फोल्डरात जाऊन बसतो. तरी महिन्याकाठी पावत्या सिंकच्या बाहेर वेगळ्या फोल्डरात आणि एका पेनड्राइव्हवर उतरवा. सिंक म्हणजे आरसा, तिजोरी नव्हे.

रेंजचा प्रश्न इथे येतच नाही. फोन घरच्या वायफायवर आला आणि संगणक चालू असला की पुरे, इंटरनेट बंद असलं तरी चालतं, मधे कुणाचा सर्व्हर लागत नाही. फक्त फोन राउटरच्या ‘गेस्ट’ वायफायवर नको, तिथे बहुधा उपकरणं एकमेकांना दिसत नाहीत. विंडोजमध्ये ते वायफाय ‘प्रायव्हेट’ ठेवा, नाहीतर फायरवॉल आडवी येते. फोनच्या बॅटरी सेटिंगमध्ये अ‍ॅपला मोकळीक द्या, काही फोन मागे चाललेलं अ‍ॅप गुपचूप बंद करतात. मूळ अँड्रॉइड अ‍ॅप डिसेंबर २०२४ मध्ये बंद झालंय, भाच्याला विचारून त्याचीच दुसरी आवृत्ती, सिंकथिंग-फोर्क, आहे का बघा.

— बोरीकाठचा_पारोळा

---

बिनमध्ये बरेच फोटो सापडले! व्हर्जनिंग लावलं, वह्या वेगळ्या केल्या. दिरांना आता काही दाबावं लागत नाही, घरी येऊन फोन चार्जिंगला लावला की आपोआप होतं. दोन वह्या जुळवताना मजुरीच्या ओळी दुबार निघाल्या, त्या मजुरांच्या मुकादमाकडून तपासून घेते.

एक राहिलं. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सालदार बदलणार. जुन्याचा फोन सिंकथिंगच्या यादीतून काढला की त्याच्याकडचे पावत्यांचे फोटोही जातील ना?

— तापीकाठ

---

नाही जाणार. यादीतून काढल्यावर फक्त नवीन देवाणघेवाण थांबते, त्याच्या फोनमधलं तिथेच राहतं. त्याचं साल फिटायच्या दिवशी, हिशेब चुकता करताना, फोन समोर असतानाच पावत्या संगणकावर पूर्ण आल्यात का बघा. मग आधी यादीतून काढा, त्यानंतर त्याच्या देखतच फोनमधलं फोल्डर पुसा. क्रम उलटा केला तर तुमच्याकडचं पुन्हा ट्रॅशमध्ये जाईल.

— बोरीकाठचा_पारोळा