मदत हवी आहे : पेलेट शेगडीत राखेचे खडे होतायत

नमस्कार मंडळी, आम्ही मेढ्याजवळ राहतो, जिल्हा सातारा. घरी पंख्याची पेलेट शेगडी आहे (पेलेट म्हणजे भुसा दाबून केलेल्या छोट्या कांड्या), आंघोळीचं पाणी, भाकऱ्या, सगळं तिच्यावरच. आधी लाकडाच्या भुशाच्या पेलेट मिळायच्या, धूर नाही, किलोभर जाळल्या तरी राख मूठभर सुद्धा नाही. दिवाळीपासून दुसऱ्या माणसाकडून पोती घेतोय, स्वस्त पडतात म्हणून, आणि तेव्हापासून रोजचा ताप झालाय.

अर्ध्या तासात ज्योत बसते, उघडून बघितलं तर तळाला काचेसारखा काळा खडा चिकटलेला, हवेची भोकं बुजलेली, उलथन्याने खरवडावं लागतं. धुराने आईचा खोकला वाढलाय त्याचं जास्त वाईट वाटतं.

काल ग्लासभर पाण्यात चार पेलेट टाकल्या, फुगून सुटल्या तर भुशाबरोबर भाताच्या तुसाचे पिवळे कपचे वर आले. तुसाची राख १५ ते २० टक्के असते, चांगल्या लाकडाची १ टक्क्याच्या आसपास, म्हणजे भेसळच ना ही? की पोती पडवीत असल्याने ओल धरली असेल? पोत्याच्या तळाशी भुगा पण बराच निघतोय, चाळून वापरला तर फरक पडेल का?

सातारा, कराड, सांगली भागात निव्वळ लाकडाच्या ८ एमएम पेलेट घरगुती वापराला दोन-चार पोती कोण देतं ते प्लीज सांगा. आणि उरलेल्या सहा पोत्यांचं काय करू, चांगल्यात थोड्या थोड्या मिसळून जाळल्या तर चालतील का?