भाड्याच्या उत्पन्नासाठी जुळे सोलापुरात फ्लॅट घ्यावा का?

प्रश्न (शेळगीकर)

नमस्कार. मी आणि माझे पती दोघेही नोकरी करतो. जुळे सोलापुरातील एका पूर्ण झालेल्या इमारतीत दोन बेडरूमचा फ्लॅट ३२ लाखांना मिळत आहे आणि त्याच इमारतीतील तेवढाच फ्लॅट साडेनऊ हजार रुपये भाड्याने गेलेला आहे. आमची बचत १५ लाखांची आहे. उरलेल्या रकमेसाठी २० वर्षांचे कर्ज काढावे आणि भाड्यातून हप्ता भागवावा, असा विचार आहे. जागेत घातलेला पैसा वाया जात नाही, असे सासरे म्हणतात. ज्यांनी सोलापुरात घर भाड्याने दिले आहे, त्यांनी प्रत्यक्ष खर्च आणि धोके कृपया सांगावेत.

उत्तर (सात रस्ता)

ताई, आधी खरी किंमत मांडा. मूळ मुद्रांक शुल्क ५ टक्के, त्यावर स्थानिक अधिभार आणि ३० हजार रुपये नोंदणी शुल्क, असे मिळून सव्वादोन ते अडीच लाख रुपये लागतील; घर केवळ तुमच्या नावावर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. वकिलाची फी, दलाली, ग्रिल, पंखे आणि गिझर धरले, तर फ्लॅट साडेपस्तीस लाखांच्या आसपास पडेल.

आता वर्षाचे भाडे १,१४,००० रुपये. त्यातून मेंटेनन्सचे १५,६०० आणि मिळकत कराचे अंदाजे ९,००० वजा करा. भाडेकरू बदलताना घर महिनाभर तरी रिकामे राहते, म्हणजे साडेनऊ हजार गेले. रंगकाम, प्लंबिंग आणि किरकोळ दुरुस्तीसाठी वर्षाला सरासरी १०,००० धरावेत. हाती सत्तर हजारांच्या आत रक्कम उरते, म्हणजे गुंतवलेल्या पैशावर दोन टक्केही नाही. बँकेची साधी मुदत ठेवसुद्धा याच्या दुपटीहून अधिक देते.

कर्जाचे गणित तर याहून अवघड आहे. साडेपस्तीस लाखांतून तुमची बचत वजा जाता साधारण २० लाखांचे कर्ज लागेल. साडेआठ टक्के दराने त्याचा २० वर्षांचा हप्ता साडेसतरा हजारांच्या जवळ जातो. वर्षाला सत्तर हजारांच्या हिशेबाने तुम्हाला महिन्याला सहा हजारसुद्धा मिळत नाहीत, तेव्हा उरलेले साडेअकरा हजार पगारातून भरावे लागतील, आणि घर रिकामे असले तरी हप्ता थांबत नाही. आयकरात मिळकत कर वजा जाऊन उरलेल्या भाड्यावर ३० टक्के वजावट मिळते, हे खरे आहे. पण नव्या करप्रणालीत भाड्याच्या घराचा तोटा (कर्जाचे व्याज भाड्याहून जास्त झाल्यास होणारा) पगारातून वजा करता येत नाही, हे घर घेताना फारसे कोणी सांगत नाही.

किंमत वाढेल या भरवशावर घेणार असाल, तर तो निराळा विचार आहे आणि तो तसाच मांडून करावा. भाड्याच्या जोरावर मात्र हा व्यवहार उभा राहत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर (विजापूर रोड)

वरील हिशेबात पाण्याचा खर्च आलेला नाही आणि सोलापुरात तो सोडून चालत नाही. उजनीतून पाणी येत असले तरी नळ काही दिवसांआड येतो, म्हणून भाडेकरूचा पहिला प्रश्न बोअर आहे का, हाच असतो. आमच्या इमारतीतील बोअरचे पाणी इतके जड आहे की गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बोटभर जाड चढतो, नळांच्या जाळ्या बुजतात आणि कॉइल वारंवार बदलावी लागते. हा खर्च मालकाचाच असतो. एप्रिल-मे महिन्यांत बोअर आटला की टँकरची वर्गणी निघते आणि भाडेकरू ती देण्यास तयार नसेल, तर तीही मालकाच्याच माथी येते. फ्लॅट पाहायचा असेल तर मे महिन्यात पाहा, टाकीची क्षमता विचारा आणि दुपारच्या उन्हात वरच्या मजल्यावर दहा मिनिटे थांबून या.

उत्तर (वकिली व्यवसाय, सोलापूर)

कागदपत्रांविषयी थोडे सांगतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे आणि ती जबाबदारी मालकाची आहे. करार नोंदवलेला नसेल, तर वाद झाल्यावर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते. नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्सची (ठरावीक मुदतीपुरता घर वापरू देण्याच्या कराराची) मुदत संपल्यावरही ताबा सोडला नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. एवढ्या संरक्षणासाठी लागणारा खर्च अगदी किरकोळ आहे: साडेनऊ हजार भाडे आणि तीस हजार अनामत असलेल्या ११ महिन्यांच्या करारावर ०.२५ टक्के दराने मुद्रांक शुल्क तीनशे रुपयांच्या आत येते, आणि महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क एक हजार रुपये आहे. तरीही लोक शंभर-पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून मोकळे होतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यालाही द्यावी.

खरेदीपूर्वी भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यास योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला) पाहा, तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट (मालकी व बोजे यांच्या जुन्या नोंदींचा अहवाल) घ्या आणि मागील मालकाची वीज व कराची थकबाकी तपासा. मालक स्वतः न राहता घर भाड्याने देत असल्यास सोसायटी बिगर-भोगवटा शुल्क लावू शकते, पण ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा अधिक असू शकत नाही.

प्रश्नकर्त्या (शेळगीकर)

सर्वांचे आभार. हप्ता आणि भाडे यांतील फरक इतका मोठा असेल याची कल्पना नव्हती, त्यामुळे कर्ज काढून फ्लॅट घेण्याचा विचार आम्ही सोडत आहोत. सासरचे शेळगीतील जुने घर मात्र बंद पडून आहे. ते दुरुस्त करून भाड्याने द्यावे का? मिळकत आणि वीजमीटर दोन्ही दिवंगत सासूबाईंच्या नावावर आहेत.

उत्तर (वकिली व्यवसाय, सोलापूर)

द्यावे, कारण तिथे खरेदीचा खर्चच नाही. दोन लाखांची डागडुजी दोन-तीन वर्षांत भाड्यातून भरून निघू शकेल. मात्र आधी मृत्यूचा दाखला आणि वारसांचे कागद देऊन महापालिकेत आणि मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) वारसनोंद करून घ्या. त्या घरावर सासरे आणि सर्व मुले-मुली यांचा हक्क असल्याने करारावर सर्वांच्या सह्या घ्याव्या लागतील. नणंद बाहेरगावी असेल, तर तिच्याकडून नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र मागवा. वीजमीटरचे नाव त्याच कागदांवर बदलून मिळेल, ते भाडेकरू आत येण्यापूर्वी करा.