२०१० ची स्विफ्ट पेट्रोल: इंजिन १.३ का १.२? पाण्याचा पंप कुठला मागवू?

कांडपवाली_बावडा

नमस्कार मंडळी. कोल्हापूरच्या कसबा बावड्यात माझं मिरची कांडपाचं मशीन आहे. पन्हाळा-जोतिबाच्या बाजूला चटणी पोचवायला गेल्या दिवाळीत जुनी स्विफ्ट घेतली. पेट्रोल, व्हीएक्सआय, एमएच ०९ पासिंग, साल २०१०. मधल्या एजंटानं छातीठोक सांगितलं होतं, "ताई, के-सिरीज इंजिन, चेनवालं. बेल्टबिल्टची कटकट नाही."

आता मागं चार पोती असली की जोतिबाच्या चढाला गाडी तापते. रात्री अंगणात लावली की सकाळी उजव्या चाकाजवळ फरशीवर कूलंटचा डाग. फिटर म्हणतो पाण्याचा पंप गेला, आणि पंप काढतोच आहे तर टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातल्या वाल्वची उघडझाप वेळेवर ठेवणारा पट्टा, तोपण टाकून घेऊ. मी म्हटलं, बेल्ट कुठला, त्या जागी चेन आहे की. तर हसला नुसता.

ऑनलाइन बघितलं तर "२०१० स्विफ्ट पेट्रोल" टाकल्यावर दोन पंप दाखवतंय, फोटोत दोन्ही निराळे. शेजारचे म्हणतात त्यांच्या मारुती रिट्झचा पंप बसतो, इंजिन एकच आहे. आरसीच्या मागं १२९८ सीसी लिहिलंय. कुणाचं खरं धरू? गाडी उभी आहे आणि चटणी रिक्षानं पाठवायला परवडत नाही.

एमएच०९_फिरस्ता

२०१० म्हणजे के-सिरीजच. माझ्या मेव्हण्याची २०१० चीच आहे, चेनवाली. फिटर बेल्टचे पैसे लावायलाय तुम्हाला. रिट्झचा पंप टाका बिनधास्त.

काउंटरवाले_अण्णा

फिरस्ता, जरा दमानं. मेव्हण्याच्या गाडीवरून ताईंच्या गाडीचा पार्ट द्यायला लागलो असतो तर माझं दुकान कधीच बंद पडलं असतं. उद्यमनगरात काउंटरवर केस पांढरे झालेत, म्हणून सविस्तर लिहितो.

ताई, आरसीवर १२९८ असेल तर इंजिन १.३ च. त्या पहिल्या स्विफ्टला तीन इंजिनं आली. २००५ ला गाडी आली तेव्हा पेट्रोल १२९८ सीसीचं, जी१३बीबी, बेल्टवालं. २००७ ला डिझेल आलं, १२४८ सीसी, मूळ फियाटचं मल्टिजेट. आणि २०१० ला पेट्रोल बदलून के१२एम आलं, ११९७ सीसी, चेनवालं. बॉडी मात्र तीच ठेवली. नवा आकार २०११ ला आला. त्यामुळं २०१० ची गाडी बाहेरून बघून कुणालाच सांगता येत नाही, एजंटाला तर नाहीच नाही.

इंजिन बदललं कशामुळं तेही सांगतो. २००६ च्या बजेटात चार मीटरच्या आतल्या गाडीला एक्साइज कमी केली, पण पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत असेल तरच. १२९८ म्हणजे ९८ सीसीनं सवलत हुकली. दुसरं कारण बीएस-४, म्हणजे गाडीच्या धुराचं मानक. एप्रिल २०१० ला ते फक्त १३ शहरांत लागू झालं, त्यात मुंबई, पुणे आणि आपलं सोलापूर. कोल्हापूर नव्हतं, म्हणजे इथं जुन्या इंजिनाची गाडी तेव्हाही पासिंग होऊ शकत होती. सोलापूरचं नाव यादीत आणि आपलं नाही, हे मला अजून पचलेलं नाही, पण ते जाऊ दे. शिवाय बनल्याचा महिना एक आणि पासिंगची तारीख दुसरी. २००९ च्या शेवटाला बनलेली गाडी २०१० ला पासिंग झाली तर लोक तिला २०१० चीच म्हणतात. म्हणून या दोन वर्षांतल्या स्विफ्टला सालावर पार्ट देणारा दुकानदार दिसला तर तिथून निघा.

खात्री करायची तर इंजिन नंबर बघा, आरसीवरही आणि ब्लॉकवर ठोकलेलाही. मारुतीत नंबराची सुरुवातच इंजिनाचं नाव असते. जी१३बीबीएन असेल तर तुमचं १.३. के१२एमएन असेल तर १.२. वॅगनआरलाही हीच युक्ती: एफ१०डीएन म्हणजे जुनं १०६१ सीसी बेल्टवालं, के१०बीएन म्हणजे ९९८ सीसी, तीन सिलिंडर, चेनवालं. त्या गाडीतही २०१० लाच बदल झाला, आणि तिथंही रोज एक गिऱ्हाईक चुकीचा पार्ट परत घेऊन येतं.

आता रिट्झ. रिट्झ पेट्रोल २००९ ला आली ती के१२एम घेऊनच. तिचा पंप तुमच्या गाडीला बसणार नाही. शेजाऱ्यांनी सांगितलं ते ११९७ वाल्या स्विफ्टला लागू. तुमच्या जी१३बीबीची भावकी वेगळी: नंतरच्या एस्टीम, व्हर्सा आणि एमपीएफआय (इंजेक्शनवाली) जिप्सी. पण भावकी आहे म्हणून सगळं सामाईक नसतं. जिप्सीत इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीत बसवलंय, तुमच्यात आडवं, रुंदीत. आतला माल बराच जुळतो, बाहेर लटकणारं सामान जुळेलच असं नाही. पाण्याचा पंप, माउंटिंग, मॅनिफोल्ड हे नंबर जुळवल्याशिवाय घेऊ नका.

नंबर म्हणजे कुठला? कंपनीच्या पार्ट नंबरात पहिले पाच आकडे वस्तू कुठली ते सांगतात. १७४०० म्हणजे पाण्याचा पंप, १३७८० म्हणजे एअर फिल्टर. त्यानंतर एम आणि पुढची अक्षरं-आकडे, ते मॉडेल. लोक पहिले पाच आकडे बघून खूश होतात, "अण्णा, सेम नंबर आहे की!" अहो, अल्टोच्या पंपालापण १७४०० च. मागचा भाग जुळला पाहिजे. अधिकृत पार्टच्या काउंटरला चॅसी नंबर दिला की ते कॅटलॉगमधून तुमच्याच गाडीचा नंबर काढून देतात. तो लिहून घ्या, मग माल कुठूनही घ्या.

आणि फिटर बरोबर बोलतोय. या इंजिनात पंप टायमिंग कव्हराच्या मागं बसतो, बेल्ट उतरवल्याशिवाय पंप निघत नाही. मजुरी एकदाच द्यायची आहे, तर बेल्ट, टेन्शनर आणि तिथली ऑईल सीलं एकदमच टाका. गाडी जुनी घेतलीय, बेल्ट कधी बदलला याचं बिल तुमच्याकडं नसणार. बेल्ट घाटात तुटला तर चटणी, पोती, सगळं जोतिबाच्या भरवशावर.

एमएच०९_फिरस्ता

अण्णा, नाद खुळा! मेव्हण्याला आत्ताच फोन केला, त्याच्या आरसीवर ११९७ आहे. गाडी पुण्यातून आणलेली.

कागदवाला_०९

अण्णांनी एक गोष्ट ओझरती सांगितली ती मी जोर देऊन सांगतो. ताई, ब्लॉकवरचा नंबर आरसीशी आकडा न् आकडा ताडून बघा. जुन्या गाडीत कुणीतरी इंजिनच बदललेलं असतं आणि आरसीला नोंद केलेली नसते. मग आरसीवर १२९८ आणि बॉनेटखाली भलतंच. पार्टचा घोळ तर होतोच, पण क्लेमच्या वेळी विमा कंपनीचा माणूस आधी हाच नंबर बघतो. नंबर जुळला नाही तर पार्ट बाजूला ठेवा, आधी आरटीओ.

कांडपवाली_बावडा

अण्णा, दादा, बघून आले. ब्लॉकवर तेलाचा आणि मातीचा थर चढला होता. रॉकेलचं फडकं फिरवलं, मोबाईलची बॅटरी तिरकी धरली, मग उमटला: जी१३बीबीएन, आणि पुढचे आकडे आरसीशी तंतोतंत. आरसीवर बनल्याचा महिना डिसेंबर २००९. तो मी आधी बघितलाच नव्हता, पासिंगचं सालच डोक्यात होतं.

अधिकृत काउंटरला चॅसी नंबर दिला, १७४०० नं सुरू होणारा नंबर मिळाला. ऑनलाइनच्या दोनपैकी एकाशीच जुळतो, आणि तो नेमका महागडा. एका दुकानात जुन्या गाडीतून काढलेला पंप निम्म्या किमतीत देतो म्हणाले. घ्यावा का?

काउंटरवाले_अण्णा

जुना पंप अजिबात नको. बेअरिंग आणि सील बाहेरून दिसत नाही, चार महिन्यांनी पुन्हा बेल्ट उतरवायची मजुरी. जुन्या बाजारात आरसा घ्या, दरवाजा घ्या, पंप नको.

पंप काढला की फेकू देऊ नका. नव्याशेजारी ठेवून बोल्टाची भोकं आणि पुली बसायची जागा फिटरसमोर ताडून घ्या, मगच नव्याचं पाकीट फोडा. फोडलेलं पाकीट कोणी परत घेत नाही, मीपण नाही. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापलं की कूलंटला वाट देणारा वाल्व, गरम पाण्यात टाकून उघडतोय का बघायला सांगा. कूलंट भरल्यावर आतली हवा नीट काढू दे. नळाचं पाणी ओतू नका. आणि पहिल्यांदा चढाला जाल तेव्हा पोती कमी.